वारंवार जुलाब, दर वेळी अँटिबायोटिक आणि आता प्रोबायोटिकची पुडी: लेकराच्या आतड्यात नेमकं काय चालतं

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात पुन्हा लिहितो. मुलगी अडीच वर्षांची, वजन साडेदहा किलो, गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, प्यायचं पाणी विहिरीचं. पावसाळा लागल्यापासून तिला चार वेळा हगवण लागली, दर वेळी मेडिकलमधून किंवा जवळच्या दवाखान्यातून एक अँटिबायोटिकचं सिरप आणलं, दोन-तीन दिवसांत संडास थांबली आणि पंधरा-वीस दिवसांत परत सुरू. आता कोणीतरी सांगितलं की सत्तर टक्के इम्युनिटी पोटातच असते, रोज चांगल्या बॅक्टेरियाची एक पुडी द्या, तीन महिन्यांत इम्युनिटी वाढते. तुमचं विचारणं एवढंच की कोणती पुडी घ्यायची आणि किती दिवस.

पुडीवर येतो, पण मला खरा प्रश्न वेगळा दिसतो. दर पंधरा दिवसांनी हे परत का होतंय, आणि त्यात आपण स्वतः काही भर घालतोय का. मी इकडेच एका तालुक्याच्या गावी बरीच वर्षं लहान मुलांचे पेशंट बघतोय आणि पेरणी आटोपली की आषाढ-श्रावणात ओपीडीत हेच चित्र असतं, लेकरू कडेवर, पिशवीत दोन-तीन अर्धवट सिरपच्या बाटल्या, आणि आजी म्हणते "साहेब, पोट्टीले ताकदीचं कायतरी लिहून द्या". तिचं म्हणणं चूक नाही, लेकरू खरंच उतरलेलं असतं. पण ताकद कशातून येते हे समजून घेतलं तर औषधाची चिठ्ठी बरीच लहान होते.

आधी हे सांगून ठेवतो की मी तुमच्या मुलीला तपासलेलं नाही. चारही वेळा संडास पाण्यासारखी होती की आव-रक्त होतं, ताप होता का, मधल्या दिवसांत संडास अगदी नॉर्मल व्हायची की पातळच राहायची, वजन मागच्या सहा महिन्यांत वाढलं की तिथेच आहे, यावर बरंच काही ठरतं. सलग दोन आठवड्यांच्या वर जुलाब चालले असतील तर ती वेगळी गोष्ट, तिथे डॉक्टरने नीट बघायलाच पाहिजे. खाली जे लिहितोय ते पाण्यासारखे जुलाब येऊन-जाऊन होणाऱ्या, मधे खेळणाऱ्या-जेवणाऱ्या लेकरासाठी आहे.

आता आतड्याकडे येऊ. मोठ्या माणसाचं आतडं आतून उलगडून पसरवलं तर साधारण ३० चौरस मीटर भरतं, म्हणजे सव्वातीनशे चौरस फूट. एवढ्या जागेत बाहेरचं जग आणि आपलं रक्त यांच्यामधे पेशींचा एकच थर असतो, एकावर एक रचलेल्या दहा थरांची कातडी तिथे नाही, कारण अन्न आत शोषायचंय. हा थर दर तीन ते पाच दिवसांनी नवा होतो. आणि त्याच्या पलीकडे, मुख्यतः मोठ्या आतड्यात, मोठ्या माणसात अंदाजे ३८ लाख कोटी बॅक्टेरिया राहतात, सगळ्यांचं मिळून वजन पावशेराच्या आसपास. म्हणजे शरीराच्या स्वतःच्या पेशींच्या जवळपास बरोबरीने.

मग इतके जंतू असूनही आपण रोज आजारी का पडत नाही? पहिलं कारण म्हणजे आव. संडासातून पडली की आपण घाबरतो ती आव, पण एरवी ती आतड्याच्या आतून सारवलेली असते आणि तीच मोठं संरक्षण आहे. मोठ्या आतड्यात तिचे दोन थर असतात, बाहेरच्या सैल थरात बॅक्टेरिया राहतात, आतला घट्ट थर जवळजवळ जंतूमुक्त असतो. लहान आतड्यात खालच्या खाचांमधे पॅनेथ नावाच्या पेशी असतात, त्या जंतू मारणारी प्रथिनं सोडत राहतात. तिथे लढाई कमी आणि अंतर राखणं जास्त, हे लक्षात ठेवा.

पण नुसतं अंतर राखून भागत नाही, पलीकडे कोण आहे हे इम्यून पेशींना माहीत पाहिजे. त्यासाठी लहान आतड्यात जागोजागी इम्यून पेशींचे पुंजके असतात, १६७७ मध्ये योहान कॉनराड पायर या स्विस डॉक्टरने त्यांचं वर्णन केलं म्हणून त्यांना पायरचे पॅचेस म्हणतात. त्यांच्यावर 'एम' नावाच्या खास पेशी असतात, त्यांचं काम आतड्यातले थोडे जंतू, थोडे कण उचलून खालच्या पेशींना आणून देणं. तिथल्या डेंड्रिटिक पेशी तो नमुना घेऊन शेजारच्या लसिका गाठीत जातात आणि तिथे ठरतं की याच्याशी काय करायचं. बहुतेक वेळा ठरतं ते असं की मारायचं नाही, फक्त जवळ येऊ द्यायचं नाही. मग बी पेशी आयजीए नावाच्या अँटिबॉडी बनवतात, त्या आवेत सोडल्या जातात आणि बॅक्टेरियाला चिकटून त्याला भिंतीपासून लांब ठेवतात, सूज न आणता. मोठ्या माणसाच्या आतड्यात रोज काही ग्रॅम आयजीए सोडलं जातं, बाकी सगळ्या प्रकारच्या अँटिबॉडी एकत्र केल्या तरी शरीर रोज एवढ्या बनवत नाही.

आता ते "सत्तर टक्के इम्युनिटी पोटात" वाक्य. २०२३ मध्ये इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी माणसाच्या शरीरातल्या सगळ्या इम्यून पेशींची मोजदाद केली, अंदाज निघाला १.८ लाख कोटी पेशी, वजन सव्वा किलोच्या जवळ, आणि त्यातला मोठा वाटा हाडातल्या मगजात, लसिका गाठींत आणि प्लीहेत निघाला. अँटिबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी मात्र बहुतेक आतड्यातच. म्हणजे त्या वाक्यात थोडं खरं आहे, पण ते जसं पुडीच्या जाहिरातीत येतं तसं नाही.

आणि इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आतड्यातल्या इम्युनिटीचं मोठं काम गप्प राहण्याचं आहे. गावातलं कुत्रं कसं असतं बघा, गावच्या माणसावर, रोजच्या दूधवाल्यावर ते भुंकत नाही, परका अंधारात शिरला की गाव उठवतं. ओळख पटायला ते पिल्लू असतानाच गावात वाढावं लागतं. ज्याला ओळखच नाही ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकावर धावतं आणि त्याचा गावाला त्रासच होतो. आतड्यात ही ओळख धरून ठेवणाऱ्या पेशी म्हणजे टी-रेग. टी पेशी हा इम्यून पेशींचाच एक प्रकार, आणि त्यातल्या बाकीच्यांना आवरणाऱ्या त्या टी-रेग. त्यांच्या शोधासाठी शिमॉन साकागुची, मेरी ब्रंकॉव आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चं नोबेल मिळालं. ज्या लेकरांमधे या पेशी जन्मतः नीट बनत नाहीत त्यांना अगदी लहानपणीच न थांबणारे जुलाब, मधुमेह, कातडीचे आजार होतात, कारण त्यांची इम्युनिटी सगळ्यांवरच तुटून पडते. म्हणून "इम्युनिटी वाढवा" हे ऐकलं की मला काळजी वाटते. नुसती वाढलेली इम्युनिटी हा एक आजार आहे.

मग ओळख करून कोण देतं? स्वतः बॅक्टेरियाच. हे कसं कळलं तर जन्मापासून एकही जंतू न लागलेले उंदीर प्रयोगशाळेत वाढवता येतात. त्यांचे पायरचे पॅचेस बारके राहतात, आयजीए बनवणाऱ्या पेशी फार कमी असतात, आतड्यातली इम्युनिटी अर्धवट बनलेली असते. बॅक्टेरिया आत सोडले की ती भरायला लागते. आणि कुठला बॅक्टेरिया सोडला त्यावर कुठल्या पेशी वाढतात ते ठरतं. २००९ मध्ये दिसलं की उंदरांमधे धाग्यासारखा दिसणारा एकच बॅक्टेरिया आतड्याच्या भिंतीला चिकटला की टीएच-१७ नावाच्या लढाऊ पेशी वाढतात. २०११ मध्ये जपानमधल्या होंडा यांच्या गटाने दाखवलं की क्लॉस्ट्रिडिया जातीतल्या निरुपद्रवी बॅक्टेरियांचा समूह दिला की उलट टी-रेग वाढतात. म्हणजे एका बाजूला लढाऊ पेशी, दुसऱ्या बाजूला आवरणाऱ्या पेशी, आणि दोन्हींचा तोल मोठ्या प्रमाणात तिथे राहणाऱ्या जंतूंच्या हातात. उंदरांमधलं सगळं जसंच्या तसं माणसाला लागू होत नाही हे खरं, पण मूळ गोष्ट माणसातही तशीच दिसते.

यातला वेळेचा भाग तुमच्या मुलीसाठी कामाचा आहे. २०१२ मध्ये मलावी, व्हेनेझुएलाचं ॲमेझॉन आणि अमेरिका अशा तीन ठिकाणच्या लोकांचे बॅक्टेरिया तपासले तेव्हा तिन्हीकडे दिसलं की लेकराच्या पोटातली वस्ती मोठ्या माणसासारखी व्हायला साधारण तीन वर्षं लागतात. उंदरांमधे तर अंगावरचं दूध सुटून वरचं अन्न सुरू होतानाची ठराविक मुदत सापडली आहे, त्या काळात इम्यून पेशी नव्या बॅक्टेरियांना एकदा जोरात प्रतिसाद देतात, आणि अँटिबायोटिक देऊन तो प्रतिसाद हुकवला तर पुढे मोठेपणी आतड्याच्या सुजेचा धोका वाढतो. तुमची मुलगी अडीच वर्षांची आहे, तिच्या आत अजून घडण चालू आहे. म्हणूनच या वयात उगाच दिलेलं सिरप मला मोठ्या माणसाला दिलेल्यापेक्षा जास्त खटकतं.

आता सिरप नेमकं काय करतं ते सांगतो, आणि तुमच्या "परत परत का" या प्रश्नाचा एक मोठा धागा इथे आहे.

आपण खातो त्या भाकरीतला, डाळीतला, भाजीतला चोथा आपल्याला पचत नाही. तो मोठ्या आतड्यात जातो आणि तिथले बॅक्टेरिया तो आंबवून काही लहान आम्लं बनवतात, त्यातलं एक ब्युटिरेट. मोठ्या आतड्याच्या पेशींचं मुख्य जळण हेच, त्या रक्तातली साखर कमी वापरतात आणि हे जास्त. २०१३ मध्ये वेगवेगळ्या गटांनी उंदरांमधे दाखवलं की टी-रेग पेशी वाढवायलाही ही आम्लं मदत करतात. तिसरी गोष्ट अशी की ब्युटिरेट जाळताना पेशी ऑक्सिजन वापरून टाकतात, म्हणून आतड्याच्या पोकळीत ऑक्सिजन जवळजवळ उरत नाही. ब्युटिरेट बनवणाऱ्या बॅक्टेरियांना ऑक्सिजन सहनच होत नाही, त्यांना अशी ऑक्सिजन नसलेली जागाच पाहिजे. ई-कोलाय, साल्मोनेला यांच्यासारख्या जुलाब करू शकणाऱ्या बॅक्टेरियांना मात्र ऑक्सिजन मिळाला तर फावतं.

आणि आपल्याकडे हगवणीला सर्रास मिळणारं सिरप कोणतं? बहुतेक वेळा ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल यांचं मिश्रण, नाहीतर मेट्रोनिडाझोल. ऑर्निडाझोल-मेट्रोनिडाझोल हे औषधच ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या जंतूंना मारणारं. म्हणजे जे ब्युटिरेट बनवतात, जे आवरणाऱ्या पेशींना धरून ठेवतात, नेमके त्यांच्यावरच घाव. ते कमी झाले की पेशींना जळण मिळत नाही, त्या ऑक्सिजन वापरायचं कमी करतात, तो पोकळीत झिरपतो आणि साल्मोनेलासारख्यांना मोकळं रान मिळतं. हे कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठाने २०१६-१७ मध्ये उंदरांमधे टप्प्याटप्प्याने दाखवलं. आणि मूळ गोष्ट तर १९५० च्या दशकातच कळली होती, उंदराला साल्मोनेलाने आजारी पाडायला लाखभर जंतू लागायचे, आधी स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं तर दहासुद्धा लागत नव्हते.

आता तुमच्या घरचा क्रम बघा. जून-जुलैत पहिली हगवण, या वयात बहुतेक वेळा ती व्हायरसची असते आणि तीन ते सात दिवसांत आपोआप थांबते. सिरप दिलं, तिसऱ्या दिवशी थांबली, आपल्याला वाटलं औषधाने थांबली. पण आतली वस्ती उजाड झाली, ती पूर्ववत व्हायला काही आठवड्यांपासून काही महिने लागतात. त्यात विहिरीच्या पाण्यातून पुढचा जंतू पंधरा दिवसांत आला, त्याला मोकळी जागा मिळाली, परत हगवण, परत सिरप. तुमच्या मुलीचं शंभर टक्के असंच झालं असं मी म्हणू शकत नाही, पाणी हेही तितकंच मोठं कारण आहे. पण माझ्याकडे येणाऱ्या अशा लेकरांचं सिरप बंद करून ओआरएस-झिंक-जेवण एवढ्यावर आणलं आणि घरच्यांनी पाण्याकडे लक्ष दिलं की पुढचा पावसाळा बहुतेकांचा बराच बरा जातो, हे मी परत परत बघतोय.

याचा अर्थ अँटिबायोटिक वाईट असा कोणी काढू नका. संडासात रक्त असेल, कॉलरा वाटत असेल, लेकरू फार कुपोषित असेल, दोन-तीन महिन्यांचं बाळ असेल, तापाने ग्लानीत असेल तर अँटिबायोटिक जीव वाचवतं आणि तिथे उशीर करायचा नाही, पूर्ण कोर्स द्यायचा. फक्त ते ठरवायचं काम तपासणाऱ्याचं, मेडिकलच्या काउंटरवर ते होत नाही.

आता पुडी. प्रोबायोटिक म्हणून जे मिळतं त्यात कधी एक, कधी चार-पाच जातीचे बॅक्टेरिया असतात, काहींत तर बॅक्टेरिया नसून यीस्ट असतं. प्रत्येक जातीचा परिणाम वेगळा, त्यामुळे "प्रोबायोटिक चांगलं का" या प्रश्नाला एक उत्तर नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत आणि कॅनडात जुलाबाच्या लहान मुलांवर दोन मोठे अभ्यास झाले, सगळ्यात जास्त विकला जाणारा लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस त्यात होता, आणि दोन्हींत काही फायदा दिसला नाही. त्याच वर्षी इस्रायलमधे मोठ्या माणसांवर केलेल्या एका छोट्या अभ्यासात दिसलं की अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेतलेल्यांची स्वतःची जुनी वस्ती परत यायला उलट उशीर लागला. दुसऱ्या बाजूने आपल्या देशातलं उदाहरण चांगलं आहे, ओडिशाच्या खेड्यांत साडेचार हजारांवर नवजात बाळांना लॅक्टोबॅसिलस प्लांटारमची एक ठराविक जात आणि सोबत तिचं खाद्य म्हणून एक प्रकारची साखर असं सात दिवस दिलं, जंतुसंसर्ग आणि मृत्यू मिळून ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले, हा अभ्यास २०१७ मध्ये छापून आला. केवढी मोठी गोष्ट आहे ही, पण ती पहिल्या आठवड्यातल्या बाळांची, ठराविक जातीची, खाद्यासकट. ती दाखवून अडीच वर्षांच्या मुलीला तीन महिने कुठलीही पुडी विकणं बरोबर नाही. अँटिबायोटिक खरंच द्यावं लागलं तर त्यासोबत काही ठराविक जाती जुलाब थोडे कमी करतात याला बऱ्यापैकी आधार आहे, तेवढ्यापुरतं डॉक्टर देतील तर द्या. रोज, इम्युनिटीसाठी म्हणून, मी देत नाही. पुडीतले बॅक्टेरिया बहुतेक आतड्यात घर करत नाहीत, बंद केलं की काही दिवसांत निघून जातात.

त्या पैशात काय आणायचं ते सांगतो, आणि हा माझ्या सगळ्यात आवडीचा भाग आहे. बांगलादेशात ढाक्याच्या आयसीडीडीआर-बी या संस्थेने आणि अमेरिकेतल्या जेफ्री गॉर्डन यांच्या गटाने असा विचार केला की कुपोषित लेकराच्या पोटातली वस्तीही वयाच्या मागे राहिलेली असते, तर तिला पुढे नेईल असं अन्न शोधू. कितीतरी पदार्थ तपासून जे मिश्रण उरलं त्यात मुख्य काय होतं माहितेय? हरभऱ्याचं पीठ, शेंगदाणा, सोयाबीनचं पीठ आणि कच्ची केळी. २०२१ मध्ये १२ ते १८ महिन्यांच्या लेकरांवर तीन महिने दिलेल्या या अन्नाचा निकाल आला, नेहमीच्या तयार पोषक आहारापेक्षा यात कॅलरी कमी होत्या तरी वजन जास्त चांगलं वाढलं. भाऊ, हे सगळं आपल्या वावरात आणि आठवडी बाजारात आहे. सोयाबीन आपण पोत्याने विकतो, हरभरा रब्बीत घरात असतो.

तर मुलीच्या ताटात रोज काहीतरी डाळ-कडधान्य पाहिजे, तुरीचं घट्ट वरण, झुणका, बरबटीची किंवा मुगाची उसळ मऊ शिजवून कुस्करून, ज्वारीच्या कण्या, भाकर कुस्करून, अंबाडी-पालक-मेथी जी मिळेल ती भाजी. शेंगदाणा कूट करूनच, पाच वर्षांच्या आतल्या लेकराला अख्खा दाणा देऊ नका, श्वासनळीत अडकतो. सोयाबीन कच्चं कधीच नाही, नीट भाजून दळून, गव्हा-ज्वारीच्या पिठात थोडं मिसळा. भाजीची कच्ची केळी उकडून कुस्करून वरणात घाला. त्यावर चमचाभर तेल-तूप, कारण या वयात पोट लहान आणि कॅलरी जास्त लागतात, नुसत्या चोथ्याने पोट भरून वजन वाढणार नाही हेही लक्षात ठेवा. अंडं चालत असेल तर रोज एक. घरचं ताजं दही, ताक, आंबील चांगलंच आहे, फक्त त्यात पाणी उकळलेलं घाला. चिप्सचं पाकीट आणि बिस्किटं यांनी भूक मरते आणि मोठ्या आतड्यात बॅक्टेरियांना खायला काही पोचत नाही. उंदरांना चोथा नसलेलं खाणं दिलं तर बॅक्टेरियांनी आवच खायला घेतली, थर पातळ झाला आणि जंतू भिंतीपर्यंत पोचले, २०१६ चा अभ्यास आहे हा. मला वाटतं पालकांना चोथ्याचं महत्त्व सांगायला याच्यापेक्षा स्पष्ट पुरावा नाही.

आता पाणी आणि घाण. "मातीत खेळू द्या, इम्युनिटी वाढते" असंही लोक म्हणतात. गायी-गुरांसोबत, शेतावर वाढलेल्या मुलांमधे दमा-ॲलर्जी कमी दिसते याला खरंच पुरावे आहेत, मातीला मी नाही म्हणत नाही. पण माती वेगळी आणि माणसाची विष्ठा मिसळलेली माती-पाणी वेगळं. सतत विष्ठेतले जंतू पोटात जात राहिले तर जुलाब नसतानाही आतडं आतून सुजलेलं राहतं, आतड्याच्या भिंतीवरची अन्न शोषणारी बोटांसारखी टोकं आखूड होतात, भिंत झिरपते, इम्यून पेशी सारख्या जागत्या राहतात. खाल्लेलं अंगी लागत नाही आणि पोलिओ-रोटासारख्या तोंडाने द्यायच्या लसीही कमी काम करतात. आपल्याकडची कितीतरी लेकरं "खाते पण वाढत नाही" म्हणून येतात, त्यांच्यात हा भाग असतो. दुःखाची गोष्ट अशी की बांगलादेश, केनिया, झिंबाब्वेत साधे संडास, हात धुणं, क्लोरीन एवढं करून लेकरांची उंची वाढली नाही, म्हणजे घराघरातल्या छोट्या सुधारणा पुरत नाहीत, गावाचं पाणीच चांगलं पाहिजे. तरी बांगलादेशात जुलाब कमी झाले, आणि तुम्हाला आत्ता तेच पाहिजे. म्हणून पावसाळाभर मुलीचं पाणी उकळी फुटेपर्यंत उकळून, झाकून, वरून ओगराळ्याने काढायचं, हात बुडवायचा नाही. स्वयंपाकाआधी, भरवण्याआधी आणि तिची शी धुतल्यावर साबणाने हात. तिची शी नालीत-अंगणात न टाकता संडासात. आणि ग्रामपंचायतीत जाऊन विचारा विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर कधी टाकली, पावसाळ्यात ती नियमित टाकायला पाहिजे, चार जणांनी मिळून विचारलं की काम होतं.

पुढच्या वेळी जुलाब लागले तर हे करा. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, अर्धं पाकीट-अर्धा ग्लास असं नाही. प्रत्येक पातळ संडासनंतर या वयाला अर्धा ते एक कप, चमच्याने, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत हळूहळू. झिंकची २० मिलीग्रॅमची गोळी रोज एक, १४ दिवस, संडास थांबली तरी पूर्ण. झिंक आतड्याची भिंत भरून यायला मदत करतं आणि पुढचे दोन-तीन महिने जुलाब कमी होतात, आशाताईकडे दोन्ही फुकट मिळतं. जेवण बंद नाही, वरण-भात, कण्या, केळं, दही चालू, अंगावर पीत असेल तर तेही. बरी झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त. जंताची गोळी फेब्रुवारी आणि ऑगस्टमधल्या जंतनाशक दिनाला अंगणवाडीत मिळते, ती चुकली असेल तर घेऊन घ्या.

डोळे खोल गेले, लेकरू सुस्त पडलं किंवा चिडचिडं होऊन काही पीतच नाही, सहा-आठ तास लघवी नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळू खाली बसते, रक्त दिसलं, किंवा प्रत्येक घोट उलटतोय, यातलं काहीही असलं तर घरी थांबू नका, रात्र असली तरी ग्रामीण रुग्णालय गाठा. रस्त्यात चमच्याने ओआरएस चालू ठेवा.

वजनाचं म्हणाल तर या वयाच्या मुलींचं मधलं वजन साडेबारा-पावणेतेरा किलो असतं. साडेदहा म्हणजे कमी वजनाच्या रेषेच्या थोडंसं वर, आत्ता घाबरण्यासारखं नाही पण लक्ष ठेवण्यासारखं नक्की. अंगणवाडीताईकडून दंडाचा घेर मोजून घ्या, साडेबारा सेंटीमीटरच्या खाली असेल तर लगेच पीएचसीत दाखवा. आणि कार्डावर मागच्या सहा महिन्यांची वजनं लिहिलेली असतील, तीन-चार आकडे आणि शेवटच्या जुलाबात रक्त-आव होती का एवढं इथे लिहा, म्हणजे अजून तपासण्या लागतील का ते सांगता येईल.